नाव निविष्ठा, येणं पेरणीनंतर

"काढून टाकू का राहू देऊ?" सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना नदीच्या पुराचं पाणी उतरलं, त्या दिवशी मामांनी फोनवर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मामा म्हणजे आमचं रान बटईनं, निम्म्या वाट्यावर, करणारे. नात्यानं कुणी नाहीत, पण लहानपणापासून मामाच. सोयाबीन पाच दिवस पाण्याखाली होतं. शेंग दाबली की आतून कोंब आणि कुजका वास. घरी आणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. पण उपटून बांधावर टाकलं तर पंचनाम्याला दाखवायचं काय? आणि तसंच ठेवलं तर वाफसा आल्यावर, म्हणजे ओल पेरणीजोगी झाल्यावर, ज्वारी टाकायची कुठं?

मी शहाण्यासारखं "राहू द्या, पंचनामा होऊ द्या" म्हणालो. पंचनामा झाला अकराव्या दिवशी. तलाठ्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे चार गावं आणि त्यातल्या दोन गावांचा रस्ता वाहून गेलेला. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात अजून कुणी म्हणत नाही.) त्यांनी मामांना कुजक्या सोयाबीनमध्ये उभं केलं, मोबाइलवर फोटो काढला, गट नंबर लिहून घेतला आणि पुढच्या रानात गेले. तोवर वरच्या अंगाचं रान वाफशावर येऊन गेलं होतं.

मदत मिळवायची तर पेरणी लांबवायची, आणि पेरणी साधायची तर मदतीवर पाणी सोडायचं. अतिवृष्टीच्या अनुदानाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या अकरा दिवसांत आहे.

दरवर्षी वाद रकमेवरून होतो. सरकार कोटींचे आकडे सांगतं, विरोधक हेक्टरी पन्नास हजार मागतात, शेतकरी गुंठ्याचा हिशेब करून कपाळावर हात मारतो. वाद खोटा नाही. पण त्याच्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते. सरकारी कागदात या पैशाला नुकसानभरपाई म्हटलेलंच नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पिकासाठी जे मिळतं त्याचं नाव आहे निविष्ठा अनुदान. निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, औषध. अतिवृष्टीचा कुठलाही शासन निर्णय काढून पाहा, सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की शेतकऱ्यांना पुढच्या हंगामात उपयोगी पडावं म्हणून ही मदत एका हंगामात एकदा दिली जाते. गेलेल्या पिकाची किंमत सरकार देत नाही, तसं म्हणतही नाही. पुढची पेरणी व्हावी, एवढाच त्या पैशाचा जाहीर हेतू आहे.

ठीक आहे, तेच मानू. मग त्या पैशाचं मोजमापही पेरणीच्या तारखेनं व्हायला हवं. मराठवाड्यात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हरभरा फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. त्यानंतर आलेला पैसा लग्न झाल्यावर आलेल्या अक्षतांसारखा. घरात कुठंतरी खपतो, पण ज्यासाठी आला ते काम होऊन गेलेलं असतं, किंवा राहून गेलेलं असतं. आणि तरीही कुठल्याही शासन निर्णयात "अमुक तारखेच्या आत" ही ओळ दाखवा. दर असतो, हेक्टरची मर्यादा असते, लेखाशीर्ष असतं. तारीख नसते.

दराचीच गोष्ट घ्या. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं धुऊन नेलं आणि मदत ठरेपर्यंत, नोव्हेंबरात, राज्यात राष्ट्रपती राजवट आली. राज्यपालांनी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. २०२० आणि २०२१ मध्ये महाविकास आघाडीनं कोरडवाहूला १०,००० दिले. २०२२ मध्ये शिंदे सरकारनं केंद्राच्या तेव्हाच्या ६,८०० रुपयांच्या दराची दुप्पट करून १३,६०० केले आणि मर्यादा २ वरून ३ हेक्टरवर नेली. मे २०२५ मध्ये एका शासन निर्णयानं सगळं मागे फिरलं: कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागांना २२,५००, मर्यादा पुन्हा २ हेक्टर. आणि चारच महिन्यांनी महापूर आल्यावर, ७ ऑक्टोबरला, ३१,६२८ कोटींचं पॅकेज. त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी १०,००० ची भर, म्हणजे कोरडवाहूला १८,५००, आणि मर्यादा परत ३ हेक्टर. रान तेच, पीक तेच, पाऊसही साधारण तसाच. दर मात्र मंत्रालयातल्या हवेप्रमाणे. पुढच्या वर्षी सोयाबीन बुडालं तर काय मिळेल हे महाराष्ट्रातल्या एकाही शेतकऱ्याला आज सांगता येणार नाही, आणि ज्याला आकडाच माहीत नाही तो त्या आकड्याच्या भरवशावर दुकानदाराकडून बियाणं उचलू शकत नाही.

३१,६२८ कोटींबद्दल थोडं. एवढा आकडा ऐकल्यावर शहरातल्या माणसाला वाटतं, चला, शेतकऱ्याच्या खात्यात एवढे गेले. त्यात रस्ते, पूल, विजेचे खांब असल्या कामांचे १०,००० कोटी होते, पीकविम्यातून मिळतील असं धरलेले पैसे होते, मनरेगातून खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ३ लाखांची तरतूद होती. ही सगळी कामं गरजेचीच आहेत. पण पुलाचा खर्च आणि मामांचं बियाणं एका बेरजेत घातलं की ती बेरीज फक्त पत्रकार परिषदेच्या कामाची उरते.

मूळ दर गुंठ्यावर आणला तर ८,५०० म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये. एकराला सुमारे ३,४००. डीएपीची गोणी १,३५० ला येते. म्हणजे एकराला अडीच गोण्या, बियाणं नाही, नांगरट नाही, मजुरी नाही. वाढीव १८,५०० धरले तर एकराला साडेसात हजारांच्या आत-बाहेर. यावर कुणी आनंदानं नाचणार नाही, पण हरभऱ्याचं बियाणं, एखादी खताची गोणी आणि ट्रॅक्टरवाल्याची पाळी एवढं त्यात बसतं. माझं म्हणणं इथेच आहे: वेळेवर आलेले साडेसात हजार उशिरा आलेल्या पंधरा हजारांपेक्षा जास्त कामाचे. वेळेवर आले नाहीत तर माणूस कृषी सेवा केंद्रात उधारी मागतो. मागची उधारी सोयाबीनवर फेडायची असते आणि सोयाबीन तर कुजलेलं. मग दुकानदार रोखीच्या गिऱ्हाइकाला आधी माल देतो, आणि उरतो तो शेकडा तीननं देणारा सावकार. रान पडीक राहिलं तर नुकसान एका हंगामाचं राहत नाही, दोन हंगामांचं होतं. या दुसऱ्या हंगामाचा पंचनामा कुणी करत नाही.

आता पैसे अडकतात कुठं ते पाहू. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच नाव यादीत. (२०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती, हे सांगायला हवं, सुधारणा मोठी होती.) यादी तहसीलला, तिथून जिल्ह्याला, विभागीय आयुक्तांकडून मंत्रालयात. शासन निर्णय निघाला की पैसा खाली येतो, मग याद्या पोर्टलवर चढतात, प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो, तो क्रमांक असलेला कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतो, आणि तो क्रमांक घेऊन माणूस सेतू केंद्रात ई-केवायसीला जातो.

सेतूतली ती रांग एकदा उभं राहून बघा. माझ्या पुढे सत्तरीतले एक आजोबा होते. अंगठा उमटेना. आयुष्यभर खुरपं धरून रेषा गेलेल्या. सेतूतल्या पोरानं सांगितलं, डोक्यावरून फिरवा, तेल लागलं की उमटतो. आजोबांनी टोपी काढली, अंगठा टकलावरून फिरवला, काही झालं नाही. मग एकेक करत दहाही बोटं. नवव्या बोटाला हिरवा दिवा लागला आणि सगळी रांग हसली, आजोबाही हसले. पैसे आलेच नाहीत, कारण आधारशी जोडलेलं खातं भलत्याच बँकेतलं निघालं, कधीकाळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं आणि वापराविना बंद पडलेलं.

आमची गोष्ट वेगळी. आमचा गट सामाईक आहे. सातबारावर वडील आणि त्यांचे दोन भाऊ. एक चुलते पुण्यात, दुसरे वारले. त्यांच्या मुलांची वारसनोंद झालेली नाही, कारण त्यासाठी सगळ्यांनी एका दिवशी गावात यायचं ठरलंय आणि तो दिवस सात वर्षांत आलेला नाही. सामाईक खात्यावर कुणा एकाच्या नावे पैसे घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. मेलेल्या माणसाची संमती आणायची कुठून? मराठवाड्यात असे गट किती आहेत हे मोजायला जायची गरज नाही. कुठल्याही गावात पारावर बसून विचारा, हात वर होतील.

एवढं सगळं कशासाठी? तर नुकसान खरंच झालं का, हे सिद्ध करण्यासाठी. पण एका महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी, हे सरकारनंच ठरवलेलं आहे. मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. २०२३ मध्ये तर सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस पडत राहिला आणि तो सरासरीहून बराच जास्त असला तर "सततचा पाऊस" हीदेखील आपत्ती मानायचं ठरलं. म्हणजे आभाळानं काय केलं याची नोंद सरकारकडे त्याच दिवशी असते. कुणाचं किती रान आहे हे सातबाऱ्यावर आहे. कोणतं पीक आहे हे ई-पीक पाहणीत आहे. ती २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतःच, बांधावर उभं राहून, नेटवर्क शोधत भरलेली आहे. शेतकरी ओळखपत्र काढून घेतलं, त्याला आधार आणि जमीन दोन्ही जोडलेली आहेत. पीएम-किसानचे २,००० रुपये बटण दाबल्यावर त्याच खात्यांत जातात. मग अतिवृष्टी झाल्यावर त्याच माणसाला, त्याच रानासाठी, पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला का लावायचं?

माझी सूचना अगदी गावठी आहे. पैसा दोन टप्प्यांत द्या. मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली की त्या मंडळातल्या प्रत्येक पीकपेरा नोंदवलेल्या शेतकऱ्याला, पंचनाम्याची वाट न बघता, १५ दिवसांच्या आत हेक्टरी ठरावीक उचल. समजा ५,०००, मर्यादा २ हेक्टर. ही उचल पेरणीची. मग पंचनामे सावकाश, नीट होऊ द्या, आणि ज्याचं जास्त गेलं त्याला उरलेले पैसे द्या. उचल मिळालेल्यानं रान मोकळं केलं तरी त्याचा हक्क जाणार नाही, एवढं त्यात लिहा. आणि शासन निर्णयात तारीख घाला.

२०२५ मध्ये सरकार या दिशेला अर्धं आलंही होतं. शेतकऱ्यानं मोबाइलवर काढलेले फोटो चालतील असं सांगितलं, ज्यांचं शेतकरी ओळखपत्र आहे त्यांना ई-केवायसीतून सूट दिली. म्हणजे ही कागदं नसली तरी चालतं, हे सरकारलाही कळलेलं आहे. फक्त ते दरवेळी पूर आल्यावर आणि ओरड झाल्यावर कळतं.

यावर पहिला आक्षेप येणार: ज्याचं काहीच गेलं नाही त्यालाही पैसे मिळतील. मिळतील. माळावरच्या निचऱ्याच्या रानाला ६५ मिलिमीटर पावसानं काही होत नाही, उलट विहिरीला पाणी येतं. अशा काही लोकांना पाच-दहा हजार फुकट जातील. मला ही किंमत मान्य आहे. वसूलही करू नयेत. वसुलीचा खर्च त्याहून जास्त येईल. तेलंगणानं २०१८ पासून रयतु बंधूतून पेरणीआधी एकराला सरसकट पैसे दिले. त्यात मोठ्या जमीनदारांनाही मिळाले आणि त्यावर योग्य टीका झाली. म्हणून मर्यादा २ हेक्टरची. पण मंडळातल्या दहापैकी दोघांना चुकून मिळू नये म्हणून आठांची पेरणी चुकवायची, हा कसला काटकसरीचा हिशेब?

दुसरा आक्षेप घोटाळ्याचा. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावं घुसडून पैसे लाटल्याचं उघड झालं, महसूल कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. लोक म्हणतात, बघा, एवढी तपासणी असून असं होतं, मग तपासणीच काढली तर? मी उलट वाचतो. ते प्रकरण यादी करणाऱ्याच्या हातात आहे. कुणाचं नाव घ्यायचं, किती क्षेत्र लिहायचं, हे जिथं माणूस ठरवतो तिथंच वाव असतो. पर्जन्यमापकाला चहा पाजता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मला आमच्याच रानानं शिकवला. सीना उगवते अहिल्यानगर जिल्ह्यात. आमच्याकडे महापूर आला तो निम्मा आमच्या पावसाचा होता आणि निम्मा वरच्या पाण्याचा. असंही वर्ष येईल की आमच्या मंडळातल्या यंत्रात पाऊस बेताचाच दिसेल आणि रान मात्र नदीखाली असेल. शिवाय मंडळ मोठं, यंत्र एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्या गावावर. म्हणून नुसत्या पावसावर भागणार नाही. नदीकाठच्या गावांसाठी धरणातून सोडलेल्या विसर्गाची नोंद धरावी लागेल. ती नोंद जलसंपदा विभाग तासातासाची ठेवतो. पूर येण्याआधी तोच विभाग गावाला इशारा देतो ना? ज्या आकड्यावर गाव रिकामं करायला सांगता, त्याच आकड्यावर उचल द्यायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, यासाठी पीकविमा आहे. होता. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात होता. नेमक्या २०२५ च्या खरिपात एक रुपयाची योजना बंद झाली आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे सगळे निकष काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठेवली. ज्या वर्षी पाण्यानं नेलं, त्याच वर्षी पाण्याचा निकष नाही. पुढे अकोल्याकडे शेतकऱ्यांच्या खात्यात विम्याचे पाच-पंचवीस रुपयांसारखे आकडे जमा झाले, त्यावर दिल्लीपर्यंत बोललं गेलं. विम्याबद्दल इतकंच पुरे.

"ओला दुष्काळ जाहीर करा" या मागणीबद्दलही मला फार उत्साह नाही. सरकार म्हणतं, नियमावलीत असा शब्दच नाही, आणि मग दुष्काळात मिळणाऱ्या सवलती तशाच लागू करतं: शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफ. शेतसारा वर्षाला किती असतो हे ज्यानं भरलाय त्याला विचारा. त्याच्या माफीचं पत्रक छापायला जास्त लागत असेल. शब्द मिळाला काय, नाही मिळाला काय, त्यानं बियाणं येत नाही.

एक गाठ मात्र माझ्या सूचनेनंही सुटत नाही, आणि ती लपवणं बरं नव्हे. पैसा जातो सातबारावरच्या नावाला. रान करतो बटईदार. बियाण्यात निम्मं त्याचं, कष्ट सगळे त्याचे, पण कागदावर तो कुठंच नसतो. लिहून द्यायला मालक घाबरतो, कूळ लागेल म्हणून, म्हणजे कसणाऱ्याचा रानावर कायद्यानं हक्क बसेल म्हणून. त्यामुळे बटई तोंडी, आणि तोंडी माणसाला सरकार ओळखत नाही. ई-पीक पाहणीत पीक करणाऱ्याचं नाव घेता येईल, ग्रामसभेत यादी वाचता येईल, असं बोललं जातं. पण ग्रामसभेत मालकासमोर उभं राहून "रान मी करतो" म्हणणारा बटईदार पुढच्या गुढीपाडव्याला ते रान करत नसतो.

आमच्या गटाचे पैसे आले. वडिलांच्या हिश्श्याचे तेवढे, बाकीचे संमतीपत्रांवाचून तसेच पडलेले. मेसेज आला तेव्हा मामांचा हरभरा फुलावर होता. बियाणं त्यांनी मेव्हण्याकडून उसने पैसे घेऊन आणलं होतं, दोन एकर पडीकच राहिलं. मी वडिलांना म्हटलं, निम्मे मामांना देऊ. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दे. पण पुण्याला सांगू नको." पुण्याच्या चुलत्यांचे पैसे कधी आले तर ते मामांना देणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि नियमानं ते चुकणारही नाहीत.